पदवीचा सूर

संगीताची पदवी घ्यायची म्हटलं की कल्याण-डोंबिवलीत हमखास ऐकू येतं, ‘गाणं गुरूकडे शिकावं, विद्यापीठात कसलं?’ मला तेव्हा उस्ताद मौलाबक्ष आठवतात. १८८६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं त्यांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली, स्वरलिपी तयार केली, पुस्तकं लिहिली. ही शाळा पुढं महाविद्यालय झाली आणि बडोद्याच्या विद्यापीठात सामावली. म्हणजे वर्गातलं गाणं एका उस्तादानंच रुजवलं. कल्याणात १९२६ पासून गायन समाज आहे. तिथं बसून कान तयार होतो. पण ज्याच्या घरात गाणं नाही, ओळखीचा गुरू नाही, त्यानं कुठं जावं? माझ्या घरात तानपुरा नव्हता. अशांसाठी पदवीचा वर्ग हेच घराणं.