गाभण गाईचा सौदा

जुन्या पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, पाचोरा तालुक्यातील वरखेडी हे गाव गुरांच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध आहे. अशा बाजारात गाय विकत घेणारा कुणबी तिचे दात पाहतो, सड दाबून पाहतो, चार पावले चालवून पाहतो. दलाल मध्ये पडतो, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, इसार दिला जातो आणि दावे हातात येते. परंतु गाईच्या पोटात वासरू आहे की नाही, ही गोष्ट दातांवरून कळत नाही आणि चालीवरूनही कळत नाही. गाय घरच्या खुंट्याला बांधल्यावर काही दिवसांनी घरातील जाणत्या बाईला शंका येते. गाभण म्हणून घेतलेली गाय पुन्हा माजावर येते. किंवा उलट, भाकड म्हणून स्वस्तात आणलेली गाय कास धरू लागते. पहिल्या प्रकारात घराचे वर्षाचे गणित चुकते. दुसऱ्या प्रकारात न मागितलेले धन दारी येते, पण त्याची काळजी वेळेवर घेतली नाही तर तेही हातचे जाते. या एका शंकेने कायदा आणि शास्त्र या दोहोंना शेकडो वर्षे विचार करावयास लावले आहे.

गाईचा गर्भकाळ नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे सुमारे २८० दिवसांचा. म्हशीचा दहा महिने दहा दिवस. त्यांतील पहिले काही महिने बाहेरून जवळजवळ काहीच दिसत नाही. गाय फळली नसेल तर सुमारे २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. न आली तर ती फळली असावी, एवढाच पहिला अंदाज. पुढे पाचव्या-सहाव्या महिन्यात उजव्या कुशीत वासराची हालचाल जाणवू लागते. जाणता गुराखी उजवीच कूस पाहतो, याला कारण आहे. गाईचे चाऱ्याचे मोठे पोट डावीकडे असते. त्यामुळे डावी बाजू फुगली तर ती वैरणीने व पाण्याने फुगली असण्याचा संभव अधिक. विकण्यापूर्वी जनावराला भरपूर चारून पाणी पाजले म्हणजे नवख्या गिऱ्हाइकाला ते गाभण भासते, पण उजवी कूस चाचपणाऱ्याला तसे फसविणे कठीण.

या बाबतीत प्राचीन राजनीतीने काय व्यवस्था केली होती, हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून कळते. हा ग्रंथ दीर्घकाळ लोकांच्या दृष्टीआड होता. म्हैसूर येथे शामशास्त्री यांनी तो १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केला. त्यात गोऽध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याने गाईम्हशींची नोंद कशी ठेवावी हे सांगितले आहे. कालवड, गाभण, दुभती, न व्यालेली आणि वांझ असे त्यांचे निरनिराळे वर्ग त्यात आहेत. सरकारी कळपात गाभण गाय ही वेगळी मोजण्याची वस्तू होती, हे यावरून स्पष्ट होते. खरेदी-विक्रीच्या प्रकरणात तर सौदा मोडण्याची मुदतही दिली आहे: व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री, गोपालकाला पाच रात्री. रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला असून चतुष्पाद प्राणी परत करण्याची मर्यादा तीन पंधरवड्यांची, म्हणजे पंचेचाळीस दिवसांची, घातली आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीने वस्तुपरत्वे परीक्षेचे दिवस ठरविले. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात आणि दुभत्या जनावरास तीन. या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभी, लिहिली. पुढे महाराष्ट्रात तिला फार मोठे प्रामाण्य मिळाले. आता तीन दिवसांत काय कळते? गाय किती दूध देते, लाथ मारते काय, सडांत दोष आहे काय, एवढे खचित कळते. गर्भाचा निकाल मात्र तीन दिवसांत लागत नाही. कौटिल्याचे तीन पंधरवडे रोगी जनावराच्या संदर्भात आलेले आहेत; तथापि माजाची दोन आवर्तने त्या मुदतीत पुरी होतात. गाभण सांगितलेली गाय तेवढ्यात एकदाही माजावर आली नाही, तर विक्रेत्याच्या शब्दाला काही आधार आहे असे म्हणता येते. म्हणजे दुधाची परीक्षा दिवसांत होते, गर्भाची पंधरवड्यांत. आणि ही दुसरी परीक्षा बाजार उठण्यापूर्वी पुरी होणे अशक्य आहे.

पोटातले वासरू कोणाचे, याविषयी मात्र जुन्या शास्त्रात संदिग्धता नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात गाय, घोडी, म्हैस, शेळी यांचा दाखला देऊन संतती मादीच्या धन्याची, वळूच्या धन्याची नव्हे, असे म्हटले आहे. १८७२ च्या करार कायद्याचा कलही तिकडेच आहे. त्याच्या १६३ व्या कलमात, सांभाळावयास दिलेली गाय व्याली तर वेगळा करार नसल्यास गाईबरोबर वासरूही मूळ धन्यास परत द्यावे, असे उदाहरण घातले आहे.

जुन्या काळी मुदतीपेक्षाही मोठा आधार होता तो ओळखीचा. आठवड्याच्या बाजारात विकणारा आठ दिवसांनी पुन्हा त्याच जागी उभा राही. खोटे बोलणाऱ्यास त्याच दावणीपाशी जाब द्यावा लागे. १८६० नंतरच्या दशकात खानदेशातून लोहमार्ग गेला. पुढे १९१८-१९ च्या सुमारास पाचोऱ्याहून जामनेरकडे अरुंद मापाचा फाटा निघाला व वरखेडीलाही स्थानक लाभले. त्या फाट्यावरील छोटी गाडी २०२० मध्ये थांबली. वाहतूक वाढली तसा परगावचा विक्रेता आणि परगावचा गिऱ्हाईक यांची गाठ पडू लागली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात ज्यांची गुरे मेली, त्यांना तर दावणीला पुन्हा जनावर बांधण्याकरिता अनोळखी माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा घरी गाभण म्हणून आलेली गाय रिकामी निघणे म्हणजे दूध नाही, वासरू नाही आणि कर्ज मात्र कायम.

इंग्रजी अमदानीतील कायद्याने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. त्याने गिऱ्हाइकाला दिवस मोजून दिले नाहीत. त्याने बोलणे आणि मौन यांत भेद केला. करार कायद्याच्या १७ व्या कलमातील उदाहरणे येथे मननीय आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून लिलावात विक्रेता गप्प राहिला, तर ती फसवणूक होत नाही. परंतु गिऱ्हाईक जर म्हणाला, “तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,” आणि विक्रेता तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच होय. १९३० च्या मालविक्री कायद्याने आणखी एक आधार दिला: गिऱ्हाइकाने आपला हेतू सांगितला, विक्रेत्याच्या जाणकारीवर विश्वास ठेवला आणि विक्रेता त्याच मालाचा धंदा करणारा असला, तर माल त्या हेतूस योग्य असलाच पाहिजे. सारांश, ज्याने उघड विचारले त्याला कायदा पाठीशी घालतो; ज्याने मनात धरले त्याला घालीत नाही.

शास्त्राने हा प्रश्न तिसऱ्या बाजूने हाताळला. मुंबईस पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. गुदमार्गाने हात घालून गर्भाशय चाचपणारा निष्णात वैद्य सुमारे दोन महिन्यांचा गर्भ ओळखू शकतो. १९२७-२८ मध्ये जर्मनीत आशहाइम व झोंडेक या वैद्यांनी स्त्रीच्या मूत्राची सुई लहान उंदरीला टोचून गर्भ ओळखण्याची रीत शोधली. घोडीकरिताही तशीच जैविक परीक्षा निघाली. गाईच्या शरीरात मात्र त्या जातीचे द्रव्य तसे सापडत नाही, म्हणून या शोधांचा गोठ्याला उपयोग झाला नाही. दुधातील संप्रेरकाची परीक्षा १९७० नंतरच्या दशकात आली, ध्वनिलहरींचे यंत्र त्याहीनंतर. तरी खेड्यातील गोठ्यात आजही वैद्याचा हातच निर्णय देतो.

गोठा नसलेल्या शहरी घरांतही हीच शंका आता लहान आकारात उभी राहते. दुकानातून पिंजऱ्यासह आणलेले जर्बिल नावाचे केसाळ शेपटीचे मंगोलियन उंदीर याचे उदाहरण होत. १९३५ मध्ये अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या वीस जोड्यांपासून त्यांचा पाळीव वंश जपानात वाढला आणि १९५४ मध्ये अकरा जोड्या अमेरिकेस गेल्या. दुकानात नर-मादी एकत्र राहिलेली असली, तर मादी गाभण असण्याचा संभव धरलाच पाहिजे. गर्भकाळ अवघा २४ ते २६ दिवसांचा. त्यामुळे महिनाभर वाट पाहिली की पहिल्या शंकेचा निकाल लागतो. परंतु मादी व्यालेल्या दिवशीच पुन्हा फळू शकते आणि ती पिलांना पाजत असेल तर दुसरा गर्भ वाढ थांबवून काही दिवस दबा धरून राहतो. म्हणून नराला वेळीच वेगळे काढणे, मादीला जवळ पुरेसे खाणे व घरटे करावयास साधन देणे आणि तिला वारंवार न हाताळणे, हेच शहाणपण.

गाईचेही तसेच आहे. शंका असलेल्या गाईला निर्णय होईपर्यंत गाभण समजूनच वागवावे, असा जाणत्यांचा परिपाठ आहे. ती रिकामी निघाली तर थोडी पेंड जास्त खर्ची पडली, एवढेच नुकसान. उलट, गाभण असून कळले नाही आणि विण्यापूर्वीचे दोन महिने दूध आटवून तिला विश्रांती दिली नाही, तर वासरू दुबळे होते व पुढच्या वेताचे दूधही घटते. तेव्हा चार माणसांदेखत “गाय गाभण आहे काय, कितव्या महिन्याची?” असे विचारून घ्यावे, उत्तर पावतीवर लिहवून घ्यावे, घरी आणल्यावर माजाचे दिवस मोजावे आणि दोन महिन्यांनी वैद्याला गोठ्यात आणावे. वरखेडीच्या बाजारातून दावे धरून निघालेल्या गिऱ्हाइकाला कौटिल्याची मुदत, करार कायद्याचा प्रश्न आणि वैद्याचा हात हे तिन्ही आधार एवढ्याने मिळतात.