व्होलाटाइल: कंपायलरला दिलेली तंबी

एम्बेडेड कोड लिहिणाऱ्यांचा जुना भरवसा म्हणजे ‘व्होलाटाइल’. सेन्सरचं रजिस्टर कंपायलरला साध्या व्हेरिएबलसारखंच दिसतं. लूपमध्ये तेच पुन्हा पुन्हा वाचायचंय? मग एकदाच वाचू, असा शहाणपणा तो करतो. पण तिथली किंमत हार्डवेअर बदलत असतं! म्हणून १९८९ च्या सी स्टँडर्डमध्ये हा शब्द आला. अर्थ एवढाच: सांगितलंय तितक्या वेळा वाच.

पण कंपायलर ऐकतो का? २००८ मध्ये युटा विद्यापीठातल्या एरिक आईड आणि जॉन रेगर यांनी हे तपासलं. युक्ती साधी. रँडम प्रोग्राम बनवायचे, प्रत्येक प्रोग्राम वेगवेगळ्या ऑप्टिमायझेशनला कंपाइल करायचा आणि तो चालताना व्होलाटाइल किती वेळा वाचलं-लिहिलं गेलं ते मोजायचं. आकडे जुळलेच पाहिजेत. १३ कंपायलर तपासले, झाडून सगळे कुठे ना कुठे चुकले!

उपायही त्यांनीच दिला: वाचणं-लिहिणं छोट्या, इनलाइन न होणाऱ्या फंक्शनमध्ये टाका. सापडलेल्या चुकांपैकी सुमारे ९६ टक्के त्याने टळल्या. उरलेल्यांचं काय? रिव्ह्यूमध्ये कोड बरोबरच दिसणार. तेव्हा मंडळी, असेम्ब्ली उघडून बघा. तंबी आपण दिली, ती पाळली गेली का हेही आपणच बघायचं.