ना इमारत, ना बाक, ना घंटा : अख्ख्या शहरालाच शाळा करणारा फिलाडेल्फियाचा 'पार्कवे' प्रयोग काय होता?

'रॉकी' सिनेमातला तो सीन आठवतोय? करड्या ट्रॅकसूटमधला सिल्व्हेस्टर स्टॅलोन पहाटे धावत येतो, एका भल्यामोठ्या इमारतीच्या पायऱ्या चढून वर जातो आणि दोन्ही हात उंचावून उड्या मारतो. आजही लोक तिथे जाऊन तसंच रील बनवतात. त्या पायऱ्या अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कलासंग्रहालयाच्या. 'रॉकी' आला १९७६ साली. त्याच्या सात वर्षं आधीपासून या संग्रहालयात हायस्कूलची पोरं यायची. सहलीला नाही, रोजच्या तासाला.

कारण त्यांच्या शाळेला इमारतच नव्हती.

संग्रहालयापासून सिटी हॉलच्या दिशेने जाणारा साधारण दीड किलोमीटरचा रुंद रस्ता म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन पार्कवे. दुतर्फा झाडं आणि झाडांमागे शहरातल्या मोठमोठ्या संस्था : सार्वजनिक ग्रंथालय, फ्रँकलिन इन्स्टिट्यूट हे विज्ञान संग्रहालय, नैसर्गिक विज्ञानाची जुनी अकादमी, मूर कला महाविद्यालय. फेब्रुवारी १९६९ मध्ये जवळपास १४० विद्यार्थ्यांना घेऊन या रस्त्याच्या नावाने एक सरकारी हायस्कूल सुरू झालं, 'पार्कवे प्रोग्रॅम'. ऑफिस आणि कपाटं ठेवायला भाड्याची जागा होती, बाकी वर्ग शहरभर. लोकांनी त्याला नाव दिलं, 'भिंती नसलेली शाळा'.

रस्त्यावर शाळा भरवायची वेळ का आली?

याचं एक उत्तर अगदी व्यवहाराचं आहे. साठच्या दशकात फिलाडेल्फियातल्या हायस्कुलांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि नवीन इमारत बांधायची तर प्रचंड पैसा लागणार होता. शिक्षण मंडळात विचार सुरू झाला, की या रस्त्यावर सभागृहं आहेत, प्रयोगशाळा आहेत, ग्रंथालय आहे. दुपारी यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या असतात. मग पुन्हा तेच सगळं विटा-सिमेंटमध्ये कशाला उभारायचं?

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे, आणि तेही याच रस्त्यावर घडलं.

१७ नोव्हेंबर १९६७. शहरातले साधारण साडेतीन हजार विद्यार्थी, बहुतेक कृष्णवर्णीय, वर्ग सोडून पार्कवेजवळच्या शिक्षण मंडळाच्या कचेरीसमोर जमले. आमचा इतिहास आम्हाला शिकवा, आमच्यातले शिक्षक नेमा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आत शिक्षणप्रमुख मार्क शेड विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींशी बोलत होते. बाहेर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पोलीस आयुक्त होते फ्रँक रिझो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पोरं शाळेवर चिडलेली आहेत, शाळेत मन लागत नाही, वर्गात बसून जे शिकवलं जातं त्याचा बाहेरच्या जगण्याशी काही संबंध दिसत नाही, हे त्या दिवशी सगळ्या शहराने पाहिलं. शेड यांना काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं. फोर्ड फाउंडेशनने सुरुवातीला १ लाख डॉलरचं अनुदान दिलं आणि प्रयोगाची सूत्रं जॉन ब्रेमर या मूळच्या इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञाकडे आली.

अ‍ॅडमिशन चिठ्ठी टाकून

ब्रेमर यांच्या शाळेत यायला गुणांची अट नव्हती. प्रवेश परीक्षा नाही, मुलाखत नाही. नववी ते बारावीतल्या कुणीही पालकांची सही घेऊन अर्ज करायचा, शहराच्या आठही शैक्षणिक विभागांना जागा वाटून दिलेल्या, आणि नाव निघणार ते लॉटरीने.

हा नियम दिसायला साधा आहे, पण पार्कवेचा कणा तोच होता. कारण एरवी काय होतं? 'प्रयोगशील' शाळा निघते, तिथे माहितगार आईबापांची मुलं सगळ्यात आधी पोचतात आणि मग शाळेचा निकाल चांगला लागला की श्रेय प्रयोगाला दिलं जातं. किंवा याच्या उलट, 'वाया गेलेली' पोरं उचलून एका जागी टाकली जातात आणि शाळेला तोच शिक्का बसतो. चिठ्ठीमुळे दोन्ही टळलं. गरीब वस्तीतली मुलगी आणि डॉक्टरचा मुलगा एकाच गटात आले. जागांपेक्षा अर्ज कितीतरी पट जास्त येऊ लागले.

मग दिवसभर करायचे काय?

समजा, एक विद्यार्थिनी आहे. सकाळी तिचा जीवशास्त्राचा तास नैसर्गिक विज्ञान अकादमीत, दुपारी कला संग्रहालयात, आणि आठवड्यातून काही तास एखाद्या वर्तमानपत्राच्या कचेरीत किंवा हॉस्पिटलमध्ये. वर्गातला दुसरा एखादा मुलगा गॅरेजमध्ये गाडी दुरुस्ती शिकतोय. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचं पायी, नाहीतर बस आणि मेट्रोने. वर्ग बदलताना घंटा व्हायची नाही, घड्याळ आपलं आपण बघायचं.

काही विषय शाळेचे शिक्षक शिकवायचे, काही त्या त्या संस्थेतली माणसं. विद्यार्थी स्वतःही विषय सुचवू शकत होते. राज्याच्या कायद्याप्रमाणे इंग्रजी, गणित, इतिहास वगैरे पूर्ण करणं भागच होतं आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र इतर हायस्कुलांसारखंच. गुणपत्रिका मात्र नव्हती. विषय पूर्ण झाला की नाही एवढी नोंद आणि सोबत शिक्षकाने लिहिलेला अभिप्राय. गंमत म्हणजे विद्यार्थीही शिक्षकांबद्दल अभिप्राय लिहायचे.

इथपर्यंत ऐकल्यावर कुणालाही वाटेल, मजा आहे बुवा, नुसती भटकंती. पण पार्कवेचं खरं यंत्र वेगळीकडे होतं. त्याला ते 'ट्यूटोरियल' म्हणायचे. साधारण पंधरा विद्यार्थी, एक शिक्षक आणि विद्यापीठातून आलेला एक प्रशिक्षणार्थी. हा गट ठरलेल्या वेळी भेटायचाच. कुणाचं कुठे अडलंय, कोण तासाला जात नाहीये, गॅरेजवाल्याशी कुणाचं वाजलंय, हे सगळं तिथे निघायचं. वाचन आणि गणित कच्चं असलेल्यांवर मेहनतही तिथेच घ्यायची होती. शिवाय आठवड्यातून एकदा सगळ्यांची सभा व्हायची, गावसभेसारखी. नियम, तक्रारी, भांडणं, सगळं तिथे.

सहल आणि पार्कवे यातला फरक इथे आहे. आपल्याकडची शैक्षणिक सहल म्हणजे एक बस, साठ मुलं, बिस्किटाच्या कारखान्यात काचेपलीकडून पाहिलेला पट्टा आणि बाहेर पडताना मिळालेला एक पुडा. दुसऱ्या दिवशी 'सहलीचे वर्णन' हा निबंध. त्या कारखान्यातल्या एकाही कामगाराला एकाही मुलाचं नाव माहीत होत नाही. पार्कवेत मूल त्याच माणसाकडे आठवडेच्या आठवडे परत जायचं, आणि तिथे काय घडलं हे विचारणारं दुसरं कुणीतरी गटात बसलेलं असायचं.

सगळं इतकं छान होतं, तर थांबलं का?

छान सगळं नव्हतंच. संस्थांमधली माणसं कामात असायची. हौसेने 'हो' म्हणणाऱ्या कचेऱ्यांना दोन महिन्यांनी पोरांना द्यायला काम उरायचं नाही. मोकळीक सगळ्यांना सारखी पेलत नाही हेही दिसलं. ज्यांच्या घरी पुस्तकं होती, बोलायची सवय होती, ती मुलं नव्या जागी पटकन रुळली. ज्यांना नीट वाचताच येत नव्हतं त्यांना शहर कितीही उघडं केलं तरी आधी वाचायला शिकवणं गरजेचं होतं, आणि ते काम पंधरा जणांच्या गटातही सोपं नव्हतं.

ब्रेमर वर्ष-दीड वर्षातच बाहेर पडले. प्रयोग वाढून 'अल्फा', 'बीटा', 'गॅमा', 'डेल्टा' अशी चार केंद्रं झाली, पण शहराचं राजकारण फिरलं. १९७१ च्या निवडणुकीत पोलीस आयुक्तपद सोडून फ्रँक रिझो महापौरपदासाठी उभे राहिले. त्यांच्या प्रचारातला एक मुद्दा होता, मार्क शेड यांना घालवणं. रिझो निवडून आले आणि त्यांनी सूत्रं हाती घेण्याआधीच शेड यांनी पद सोडलं. पार्कवे बंद झालं नाही, पण त्याच्या मागे उभा राहणारा माणूस गेला. हळूहळू केंद्रांना इमारती मिळाल्या, वेळापत्रकं मिळाली. त्यातून पुढे 'पार्कवे' नावाची हायस्कुलं उरली, पण ती आता नेहमीसारखी भिंती असलेली आहेत.

बी मात्र लांबवर गेलं

फिलाडेल्फियाचं बघून १९७० मध्ये शिकागोत 'मेट्रो' हायस्कूल निघालं, ते १९९१ मध्ये बंद झालं. १९७१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या शाळेचं नावच 'स्कूल विदाउट वॉल्स'. ती आजही आहे आणि शहरातली सगळ्यात नावाजलेली सरकारी शाळा मानली जाते. पण तिथे आता चिठ्ठी चालत नाही. आधीचे गुण आणि मुलाखत पाहून निवड होते. भिंती नसलेल्या शाळेला दार आलं, असं म्हणायला हरकत नाही.

१९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सिटी-अ‍ॅज-स्कूल' सुरू झाली. नेहमीच्या शाळेत न रमलेल्या मुलांना शहरभर इंटर्नशिपला पाठवून त्याचे श्रेयांक देणारी ही शाळाही अजून चालू आहे. तिचा एक विद्यार्थी वर्गमित्र अल डियाझसोबत मॅनहॅटनच्या भिंतींवर 'सेमो' या नावाने काहीबाही लिहायचा. शाळा त्याने पूर्ण केली नाही. त्याचं नाव जाँ-मिशेल बास्किया. २०१७ मध्ये त्याचं एक चित्र लिलावात ११ कोटी डॉलरच्या वर गेलं. याचं श्रेय शाळेला द्यायचं की नाही, यावर वाद घालायला सोशल मीडिया आहेच.

ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मेट' शाळेने पार्कवेतल्या दोन गोष्टी नेमक्या उचलल्या. मुलं आठवड्यातले दोन दिवस आपल्या आवडीच्या कामाच्या ठिकाणी जातात आणि उरलेले दिवस एका लहान गटात एकाच शिक्षकाबरोबर असतात. चारही वर्षं तोच गट आणि शक्यतो तोच शिक्षक.

निवडक मुलांऐवजी सगळीच पाठवली तर?

हे जपानच्या ह्योगो प्रांताने करून दाखवलं. तिथल्या कोबे शहरात जानेवारी १९९५ मध्ये भूकंप झाला, ६,४०० हून जास्त माणसं गेली. १९९७ मध्ये त्याच शहरात लहान मुलांच्या हत्या झाल्या आणि पकडला गेला तो १४ वर्षांचा मुलगा. सगळा देश हादरला. या वयाच्या मुलांना आपण ओळखतो तरी का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला.

१९९८ पासून ह्योगोतल्या सरकारी शाळांमध्ये आपल्या आठवीच्या वयाची मुलं पाच दिवस शाळेऐवजी गावात कामाला जाऊ लागली. बेकरी, पाळणाघर, अग्निशमन केंद्र, शेत, दुकान. उपक्रमाचं नाव 'तोराइ-यारू वीक', म्हणजे इंग्रजी 'ट्राय' आणि जपानी 'यारू', करणं. करिअर निवडणं हा इथे दुय्यम भाग. मोठ्यांनी मुलांना आणि मुलांनी मोठ्यांना नावानिशी ओळखावं हे पहिलं. दुकानं आणि कचेऱ्या शोधायची जबाबदारी शाळा आणि वस्तीतल्या लोकांवर, म्हणून ज्याच्या वडिलांची ओळख आहे त्यालाच चांगली जागा, असा प्रकार कमी होतो.

आयर्लंडमध्ये मात्र नेमकी हीच तक्रार ऐकू येते. तिथे १९७४ पासून दहावीच्या आसपास एक ऐच्छिक 'ट्रान्झिशन इयर' आहे. वर्षभर बोर्डाच्या परीक्षेचा ताण नाही, कामाचा अनुभव आणि प्रकल्प. पण जागा बऱ्याचदा विद्यार्थ्यानेच शोधायची असते. वकिलाची मुलगी वकिलाच्या ऑफिसात जाते आणि ओळखपाळख नसलेला मुलगा घराजवळच्या दुकानात. वर सहली आणि शिबिरांचा खर्च वेगळा.

आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्रातलं एक जुनं आणि ठोस उदाहरण शहरातलं नाही, गावातलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या आणि राज्य मंडळाने मान्य केलेल्या अभ्यासक्रमात शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात : वेल्डिंग, वायरिंग, शेती, माती परीक्षण, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं. त्यातली काही कामं गावातल्या लोकांसाठी केली जातात. काम चुकलं तर गिऱ्हाईक सांगायला येतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक माणसांकडे जाऊन मुलांनी काम शिकावं, असं त्यात लिहिलंय. जुलै २०२४ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या. विज्ञान-पर्यावरण, स्थानिक कचेऱ्या आणि उद्योग, कला-संस्कृती असे तीन गट, आणि हे दहा दिवस वर्षातून दोन-तीन टप्प्यांत घ्यायची मुभा.

कुंभाराकडे एकदा जायचं की चारदा, त्याच्या बुडालेल्या वेळेचं काय, आणि परत आल्यावर मुलांशी बोलणारा शिक्षक किती जणांचा, हे शाळेवर आहे. साठ-सत्तरच्या वर्गात पंधराचा गट करायचा तर एका वर्गाला चार-पाच शिक्षक लागतील. धोरणाने सहावी ते बारावीपर्यंत, अगदी सुट्टीतही, अशा इंटर्नशिपची दारं उघडी ठेवली आहेत. पण दहा दिवसांचा आकडा आठवीपर्यंतच आहे. नववीनंतर, म्हणजे फिलाडेल्फियातली पोरं ज्या वयात पार्कवेवर फिरत होती त्या वयात, आपल्याकडे क्लास सुरू झालेला असतो.