स्वतःचा चॅट सर्व्हर : ‘वर्कर’ किती हवेत?

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे कोळसा आणि सिमेंटसाठी ओळखले जाणारे गाव. अशा ठिकाणच्या एखाद्या शाळेने वा पतसंस्थेने आपले अंतर्गत संदेश परक्या कंपनीच्या हवाली न करता स्वतःच्या यंत्रावर ठेवायचे ठरवले, तर ‘मॅट्रिक्स’ या खुल्या प्रणालीचा ‘सिनॅप्स’ हा सर्व्हर सहज समोर येतो. त्यासोबत ‘वर्कर’ हा शब्दही येतो आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो.

सिनॅप्स मुख्यतः पायथॉन भाषेत लिहिलेला आहे. यंत्रात आठ गाभे असले तरी त्याची एक प्रोसेस जेमतेम एकाच गाभ्याएवढे काम करते. भार वाढला की ती अडखळते. तेव्हा काम वाटून घेण्यासाठी ज्या स्वतंत्र प्रोसेस उभ्या करतात, त्या म्हणजे वर्कर. एक सदस्यांना नवे संदेश पुरवतो, दुसरा बाहेरच्या सर्व्हरांना संदेश धाडतो, तिसरा छायाचित्रे सांभाळतो.

एका संस्थेपुरत्या सर्व्हरला मात्र एकच प्रोसेस पुरते. सिनॅप्सच्या निर्मात्यांचाही लहान सर्व्हरसाठी हाच सल्ला आहे. ‘सारे संथ चालते’ अशी तक्रार आल्यास आधी पाहावे, की मुख्य प्रोसेस सतत एका गाभ्याच्या शंभर टक्क्यांना टेकली आहे काय. तसे नसेल, तर दोष बहुधा डेटाबेसमध्ये, मेमरीत किंवा इंटरनेटच्या जोडणीत असतो. तेथे वर्कर वाढवून उपयोग नाही.

गरज खरोखरच असेल, तर एसक्यूलाइट सोडून पोस्टग्रेएसक्यूएल घ्यावे लागते. प्रोसेसमधील निरोपानिरोपीसाठी रेडिस लागते, आणि कोणती विनंती कोणत्या वर्करकडे जावी हे ठरवण्यासाठी एन्जिनएक्ससारखा द्वारपाल. एका सदस्याच्या ‘सिंक’ विनंत्या शक्यतो एकाच वर्करकडे जाव्यात, म्हणजे त्याच्या कॅशचा लाभ होतो. प्रोसेसमधील संवादाचे पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडे ठेवू नये. तो संवाद मूलतः सांकेतिक नसतो.

आता हमखास फसवणारी गोष्ट. प्रत्येक वर्कर डेटाबेसशी स्वतःच्या जोडण्या उघडतो. नमुना मांडणीत त्यांची कमाल मर्यादा दहा असते, तर पोस्टग्रेएसक्यूएल मुळात शंभरच जोडण्या स्वीकारते. मुख्य प्रोसेस आणि नऊ वर्कर झाले, की हिशेब संपला! शिवाय प्रत्येकाची कॅश वेगळी, म्हणून मेमरीही वाढते.

बाहेर संदेश धाडणारे वर्कर एकाहून अधिक असतील आणि त्यांची यादी बदलली, तर ते सारे एकाच वेळी बंद करून पुन्हा सुरू करावेत. एकेक करून सुरू केल्यास जुन्या-नव्या वाटणीत काही संदेश दोनदा जातात वा मुळीच जात नाहीत.