समाजमाध्यमे व पक्षीय ओळख (कर्जत–खालापूर)

व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम या माध्यमांतून राजकीय पक्षांनी कार्यकर्त्याची व मतदाराची ओळख घडवण्याची प्रक्रिया आणि तिचा लोकशाही चर्चेवरील परिणाम. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुका व खालापूर तालुक्याचा काही भाग मिळून झालेला कर्जत विधानसभा मतदारसंघ (क्र. १८९) हे तिचे ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी : येथे पक्षापेक्षा नेत्यावरची निष्ठा बळकट आहे. महेंद्र थोरवे २०१४ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे लढून राष्ट्रवादी काँग्रेसच्या सुरेश लाडांकडून थोडक्यात हरले. २०१९ मध्ये शिवसेनेतर्फे त्यांनी लाडांचा पराभव केला. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिले. २०२४ मध्ये धनुष्यबाणावर थोरवे, उद्धव ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर नितीन सावंत आणि राष्ट्रवादीच्या अजित पवार गटातील बंडखोर अपक्ष सुधाकर घारे अशी तिरंगी लढत झाली. थोरवे सहा हजारांहून कमी मतांनी निवडून आले.

स्वरूप : पक्ष फुटला की कार्यकर्त्याचा डीपी (प्रोफाइलचे छायाचित्र) बदलतो. स्टेटसवर नेत्याचे छायाचित्र, वाढदिवसाचे बॅनर, गाणे लावलेले रील यांतून ‘कुणाचा माणूस’ हे जाहीर होते. २०२२ नंतर ‘निष्ठावंत’ आणि ‘गद्दार’ हे शब्द राज्यभर ओळखीचे शिक्के बनले. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्या हौतात्म्यदिनी (२ जानेवारी) अभिवादनाच्या पोस्टवरही नेत्याचा फोटो व पक्षचिन्ह असते.

परिणाम : गावच्या ग्रुपवर प्रश्न विचारणाऱ्याला आधी ‘तू कुणाकडून?’ असे विचारले जाते. वाद वाढला की ‘फक्त ॲडमिन’ ही सोय लावली जाते आणि चर्चा थांबते. मग गंभीर प्रश्नही बाजूला पडू शकतात. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ रोजी कोसळलेल्या दरडीत २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. डोंगरउतारावरील वाड्यांचे पुनर्वसन हा खरा सार्वजनिक प्रश्न. श्रेय कोणाचे, या वादात तो मागे पडता कामा नये.

नियमन : उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात आपली समाजमाध्यम खाती नोंदवावी लागतात. राजकीय जाहिरातीला पूर्वप्रमाणन लागते आणि तिचा खर्च निवडणूक खर्चात धरला जातो. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचारबंदी असते. समर्थकांच्या खासगी ग्रुपांपर्यंत मात्र ही देखरेख क्वचितच पोहोचते.

मूल्यमापन : या माध्यमांनी आमदाराला जाब विचारणे सामान्य मतदाराच्या हाती आणले. पक्षांनी मात्र त्यांचा वापर मुख्यतः निष्ठा मोजण्यासाठी केला. रस्ता, पाणी, पुनर्वसन यांविषयी विचारणाऱ्याला गट न विचारता उत्तर मिळेल, तेव्हाच या माध्यमांचा लोकशाहीला उपयोग होईल.