ओखामंडळाचा किनारा आणि बडोदे सरकारचा एक विस्मृत अहवाल

बडोदे संस्थानाच्या इतिहासाविषयी मराठीत व गुजरातीत पुष्कळ लिहिले गेले आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, गावोगावची वाचनालये, कलाभवन, प्राच्यविद्येची ग्रंथमाला हे विषय सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीच्या कोणत्याही वर्णनात आवर्जून येतात. मात्र याच कारकिर्दीत संस्थानाने समुद्रकाठच्या खडकांवरील बारीकसारीक जीवांची शास्त्रीय नोंद करवून घेतली, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. ‘काठेवाडातील ओखामंडळाचे सागरी प्राणिजीवन’ या विषयावरील बडोदे सरकारचा अहवाल दोन भागांत लंडनहून प्रसिद्ध झाला. पहिला भाग १९०९ साली निघाला, दुसरा १९१६ साली.

ओखामंडळ हा सौराष्ट्राच्या वायव्य टोकाचा, कच्छच्या आखाताच्या मुखाशी असलेला छोटासा मुलूख. द्वारका आणि बेट शंखोद्धार ही दोन तीर्थक्षेत्रे याच मुलखातील. १८१७ साली तो गायकवाडांकडे आला. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ आणि शेतसारा तुटपुंजा. त्यातून वाघेरांच्या उठावांनी संस्थानाला बराच काळ त्रस्त केले. दरबाराच्या दृष्टीने हा प्रांत धर्मकार्याचा मानाचा, पण उत्पन्नाचा बेताचाच होता. जमीन फारसे देत नसेल तर समुद्र काय देतो ते पाहावे, असा विचार होणे स्वाभाविक होते. रमेशचंद्र दत्त त्या काळात संस्थानाचे अमात्य होते आणि उद्योगधंद्यांच्या वाढीकडे राज्याचे विशेष लक्ष होते.

या कामासाठी निवड झाली ती जेम्स हॉर्नेल यांची. हॉर्नेल यांचा जन्म १८६५ सालचा. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर त्यांनी सागरी जीवशास्त्राचे एक छोटे केंद्र चालविले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या काचपट्ट्या तयार करून अभ्यासकांना पुरविणे हा त्या केंद्राच्या कामाचा एक भाग होता. पुढे १९०२ साली प्राध्यापक हर्डमन यांच्याबरोबर सिंहलद्वीपातील मोत्यांच्या शिंपल्यांची पाहणी करण्यासाठी ते पूर्वेकडे आले आणि तेथेच रमले. मोत्यांचा जाणकार म्हणून त्यांचे नाव झालेले होते. १९०५-०६ च्या हंगामात त्यांनी ओखामंडळाचा किनारा पाहिला. मोत्याचा शिंपला, पूर्वी खिडक्यांना काचेऐवजी बसवीत तो पातळ पारदर्शक शिंपला आणि शंख, यांचा विचार अर्थातच त्यात प्रमुख होता. परंतु पाहणी तेवढ्यावर थांबली नाही, आणि या अहवालाचे खरे मोल तेथेच आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी लागली की या किनाऱ्यावरचे खडकाचे विस्तीर्ण सपाट पट्टे उघडे पडतात. खळग्यांत पाणी साचून राहते. प्रथमदर्शनी तेथे शेवाळ आणि चिखल यांपलीकडे काही दिसत नाही. वाकून पाहू लागले म्हणजे मात्र एकेका दगडाखाली वस्तीच आढळते. खडकाला चिकटलेले रंगीत पापुद्रे, नाजूक झुडुपांसारखे तुरे, दगडावर घातलेल्या जाळीसारखी नक्षी, आणि त्यांवरून सरकणारे शंखाविना असलेले मऊ गोगलगायीसारखे जीव! यांतील पुष्कळसे वनस्पती वाटतात. पण आहेत ते प्राणी. पापुद्रा म्हणजे स्पंज, तुरा म्हणजे हायड्रॉइड, आणि ती नक्षी म्हणजे सूक्ष्म पेट्यांत राहणाऱ्या शेकडो जीवांची वसाहत.

अशा जीवांची ओळख पटविणे हे एका माणसाचे काम नव्हे. खेकडा किंवा शंख बाह्य आकारावरून बराचसा ओळखता येतो. स्पंजाचे तसे नाही. एकाच जातीचा स्पंज शांत पाण्यात उंच वाढतो आणि लाटांच्या माऱ्यात चपटा राहतो; दोन भिन्न जाती मात्र सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. म्हणून तज्ज्ञ त्याचा लहानसा तुकडा घेऊन त्याचे मांस रसायनाने विरघळवितो. मागे राहतात त्या गारेच्या किंवा चुन्याच्या अतिसूक्ष्म सुया. त्यांचा आकार, लांबी आणि मांडणी यांवरून जात ठरते. हॉर्नेल यांनी गोळा केलेले स्पंज लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक आर्थर डेंडी यांच्याकडे गेले. सिंहलद्वीपाचे स्पंज त्यांनीच तपासले असल्यामुळे तुलनेला साधन हाताशी होते. त्यांचे निबंध १९१६ च्या भागात आले. ओखामंडळाच्या एका स्पंजासाठी त्यांना ‘सॅमोकेला’ हा नवा वंश कल्पावा लागला. हा स्पंज आपल्या सांगाड्यात वाळूचे कण गुंफतो, आणि ग्रीक भाषेतील वाळूचा वाचक शब्द त्याच्या नावात आहे.

शंखहीन गोगलगायी चार्ल्स एलियट यांच्या वाट्याला आल्या. हे गृहस्थ व्यवसायाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे कमिशनर म्हणून त्यांनी कारभार पाहिला होता आणि पुढे ते जपानमध्ये राजदूत झाले. भारतीय वाचकांना ते माहीत असतील ते ‘हिंदुइझम अँड बुद्धिझम’ या १९२१ साली निघालेल्या त्रिखंडात्मक ग्रंथाचे कर्ते म्हणून. द्वारकेच्या देवाविषयी लिहिण्याआधी द्वारकेच्या परिसरातील किनाऱ्यावरचे जीव त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येऊन गेले होते, हा योगायोग मोठा मनोरम आहे. हे जीव जिवंतपणी इंद्रधनुष्यासारखे रंगीत असतात. मद्यार्कात ठेवताच रंग उडून जातो आणि उरतो एक फिकट गोळा. अशा वेळी किनाऱ्यावर केलेली रंगाची नोंद आणि तोंडातील किसणीसारखी दातेरी पट्टी, हीच ओळखीची साधने असतात. एलियट यांचा निबंध १९०९ च्या पहिल्या भागात आहे. १९३१ साली जपानहून स्वदेशी परतताना जहाजावर त्यांचा अंत झाला आणि समुद्रातच त्यांना मूठमाती मिळाली.

हायड्रॉइड आणि पेट्यांतील वसाहती लॉरा थॉर्नली या विदुषींनी तपासल्या. स्त्रियांना शास्त्रीय संस्थांची दारे पुरती उघडलेली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. मऊ पोवळ्यांचे काम प्राध्यापक जे. आर्थर टॉमसन यांनी एका सहकाऱ्यासह केले. यातील गंमत अशी, की कागदावर वेगवेगळ्या तज्ज्ञांत वाटले गेलेले हे जीव खडकावर एकमेकांवरच जगतात. एलियट यांच्या गोगलगायींचे भाईबंद डेंडींचे स्पंज आणि थॉर्नलीबाईंचे हायड्रॉइड खाऊन राहतात!

शंखाविषयीचे लेखन हॉर्नेल यांनी स्वतःकडे ठेवले. पूजेतल्या शंखाचे हिंदू जीवनातील व धर्मातील स्थान हा त्यांच्या निबंधाचा विषय. बेट शंखोद्धाराच्या नावातच शंख असताना तो सुटणे शक्य नव्हते. ओळख ही पाहण्याच्या रीतीवर कशी अवलंबून असते, याचा उत्तम दाखला या शंखात मिळतो. प्राणिशास्त्रज्ञ शंखाचे शिखर वर धरतो. तेव्हा नेहमीच्या शंखाचे मुख उजवीकडे येते व तो त्याला उजवा म्हणतो. परंपरेत मात्र निमुळती पन्हळ वर धरतात. मग तेच मुख डावीकडे येते. म्हणून आपला दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख शास्त्राच्या परिभाषेत डावा ठरतो. येथे चूक कोणाचीच नाही. शंख कसा धरला ते सांगितल्यावाचून उजव्या-डाव्याचा वाद मात्र मिटत नाही.

दुसरा भाग निघाला त्याच १९१६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, प्रकाशित झाला. या दोन कामांत वरवर काही नाते दिसत नाही, पण रीत एकच आहे. पोथ्यांचा संपादक अनेक प्रती गोळा करतो, पाठ ताडून पाहतो, अक्षरा-अक्षराचा भेद नोंदवितो आणि मग पाठ निश्चित करतो. किनाऱ्यावरच्या जीवाचे नावही असेच निश्चित होते. नमुना जमवावा, आधीच्या वर्णनांशी ताडावा, न जुळल्यास नवे नाव द्यावे, आणि ज्यावरून नाव दिले तो मूळ नमुना जपून ठेवावा, म्हणजे पुढच्यास शंका आली तर तपासता येईल. १९०५-०६ च्या नमुन्यांची ओळख छापून पुरी व्हायला दहा वर्षे लागली, यात आळस नव्हता. कामाचे स्वरूपच तसे होते. पुढील अभ्यासकांनी काही नावे बदलली, काही जाती एकत्र केल्या. मूळ नोंद पक्की होती म्हणूनच हे करता आले.

त्यानंतर तो किनारा पुष्कळ बदलला. १९२६ साली संस्थानाने ओखा बंदर उभारले. १९३९ साली मिठापूरला रसायनांचा कारखाना निघाला. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यालगत १९८० साली सागरी अभयारण्य व १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. बंदर, कारखाने, गाळ आणि तापणारे पाणी यांनी काय नाहीसे केले हे सांगायचे तर पूर्वी काय होते ते ठाऊक असावे लागते. ज्या जीवाला नाव नाही, त्याचे जाणे कोणाच्या हिशेबातच येत नाही. ओखामंडळापुरता तो आरंभीचा हिशेब बडोदे सरकारच्या या दोन भागांत आहे.

या कामाची एक बाजू उणी राहिली, हेही नोंदविले पाहिजे. डेंडी यांनी तपासलेले नमुने लंडनच्या संग्रहालयात राहिले आणि त्यांची वर्णने इंग्रजीत. ज्यांच्या पैशाने व ज्यांच्या किनाऱ्यावर हे काम झाले त्यांच्या भाषांत ते उतरले नाही. ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’सारखा बहुभाषी कोश १९३१ साली काढणाऱ्या राज्याला परिभाषेचे महत्त्व कळत होते, पण खडकावरच्या जीवांपर्यंत ती दृष्टी पोहोचली नाही. ओहोटीला किनारा धुंडाळणाऱ्या स्थानिक लोकांच्या तोंडी असलेली नावे आणि अहवालातील लॅटिन नावे यांची सांगड घालण्याचे काम अजूनही करण्याजोगे आहे.

ग्रंथालयांत कादंबऱ्यांची मागणी सर्वांत मोठी आणि जुन्या सरकारी अहवालांची सर्वांत थोडी असते. जागेच्या टंचाईत पहिली कुऱ्हाड बहुधा अशाच पुस्तकांवर पडते. तसा एखादा ग्रंथ रद्दीत जाण्यापूर्वी त्याचे पान उलटून पाहावे. मोत्यांच्या आशेने काढलेल्या या अहवालाचे कायमचे उत्पन्न निघाले ते ज्यांना बाजारात एक पैचीही किंमत नव्हती अशा जीवांच्या यादीतून.