चौक लिहिणाऱ्या बाया

आपल्या गेटच्या आतल्या भिंतीवर काही वर्षांपूर्वी आपण वारली चित्रं काढून घेतली. मुलं तिथे फोटो काढतात, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना 'वारली भिंतवाली सोसायटी' म्हटलं की पुरतं. स्मरणिका समितीने डहाणूच्या इतिहासावर लिहायला सांगितलं तेव्हा मी ठरवलं, किल्ल्यावर आणि चिकूच्या वाड्यांवर कुणीतरी लिहीलच. आपण या चित्रांवर लिहू. म्हणजे मुळात ती ज्यांची, त्या बायकांवर.

वारली चित्रं म्हटली की नाव येतं गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. योग्यच आहे. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. पण त्यांच्या आधी ही पुरुषांची कला नव्हतीच. लग्नघरी भिंतीवर चौक काढायचा तो सवाशिणींनी. आणि 'काढायचा' हा आपला शब्द. वारली म्हणतात, चौक लिहायचा.

तलासरीकडे शाळेत नोकरीला होते तेव्हा विद्यार्थ्यांच्या घरच्या लग्नांना जाणं व्हायचं. कुडाची भिंत शेणाने सारवून वर गेरू दिलेला. तांदूळ वाटून पाण्यात कालवलेला पांढरा रंग, आणि कुंचला म्हणजे टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. आधी चौकोनाच्या कडा: एकात एक नक्षीचे पट्टे. यातच खूप वेळ जातो. मग मधोमध पालघट देवी, पिकांची आणि लेकुरवाळेपणाची. शेजारच्या लहान चौकात पाच डोक्यांचा पंचशिऱ्या. बाहेर झाडं, जनावरं, तारप्याभोवतीचा नाच, घोड्यावर नवरानवरी. आखणी नाही, खोडाखोड नाही. दोघीतिघी एकाच भिंतीवर हात चालवतात, मधेच एखादी उठून भात बघून येते. पुरा झालेला चौक झाकून ठेवतात. भगत देवाला बोलावतो तेव्हा तो उघडतो. चौकाशिवाय लग्न नाही.

आणि लग्न लावते कोण? धवलेरी. तीही बाईच. गाणी म्हणत ती सगळे विधी पार पाडते. आपल्याकडे महिला पुरोहित आल्या की अजूनही पेपरात बातमी होते!

याच लग्नाची दुसरी बाजूही सांगायला हवी. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. याला 'लग्नगडी' म्हणत. व्याज असं की कित्येकांचं ते आयुष्यभर फिटत नसे. १९४५ मध्ये वारली या वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्यातल्या ज्येष्ठांनी वाचलं असेल, तरुणांनी जरूर वाचावं. म्हणजे ज्या भिंतीवर देवी बसली, त्याच घरातली जोडी दुसऱ्या दिवसापासून गहाण. ते चौक बघताना माझ्या मनात हेच यायचं.

ही चित्रं कागदावर आली सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकलेच्या कामासाठी इकडे आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना त्यांनीच कागद दिले होते. मधुबनीत त्या बायका नावानिशी पुढे आल्या. इकडे मात्र कागद हातात घेऊन पुढे गेले ते जिव्या, आणि त्यांच्यामागून इतर पुरुष. भिंतीवर कुणाची सही लागत नव्हती. कागद विकायचा तर खाली नाव लागतं. धवलेरीचं नाव तिच्या पाड्याबाहेर कुणाला ठाऊक? माझ्या मते कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी इथे घाई केली.

आपली भिंत रंगवणारा तरुण जवळच्याच पाड्यावरचा. मी त्याला विचारलं होतं, "सगळं आहे रे, नाच आहे, भातलावणी आहे, तुझी ती आगगाडीसुद्धा आहे. पालघट देवी का नाही?"

"बाई, ती लग्नाशिवाय लिहित नाहीत. आत्या ओरडेल."

हात त्याने या आत्याकडूनच शिकून घेतलाय. दिवाळीनंतर पावसाने खराब झालेला भाग पुन्हा करायचा आहे, तेव्हा नाचाची रांग भरायला तीही येणार आहे. कोपऱ्यात तिचं नाव घालू, असं मी सुचवलं. तो तयार आहे. ती अजून नको म्हणते.